पायातले दगड

मुलगी मेक्सिकोत राहते असं सांगितलं की वरठीत निम्मे लोक विचारतात, "म्हणजे अमेरिकाच ना?" आधी मी समजावून सांगायचो. आता "त्याच्या बाजूला" म्हणतो आणि मोकळा होतो. जावई संगणकाच्या कामावर ग्वादालाहारा नावाच्या शहरात आहे. चार वर्षांपासून बोलावणं सुरू होतं. पण धानाच्या शेतकऱ्याला रिकामा काळ मोजकाच मिळतो. परहे, रोवणी, निंदण, कापणी, बांधणी, चुरणं, यातच वर्ष सरतं. एका वर्षी धान लवकर घरात आलं, उन्हाळी धान लावायचं नाही असं ठरलं, आणि डिसेंबरात मी व बायको भंडारा रोड स्टेशनावर गाडीत बसलो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, भंडारा रोड हे स्टेशन वरठीत आहे. जमीन आमच्या गावाची आणि पाटीवर नाव भंडाऱ्याचं. याचं मला जन्मात कधी काही वाटलं नव्हतं. परत आल्यावर वाटलं. का वाटलं, ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

प्रवासवर्णन मला जमायचं नाही. दहावीपर्यंत शिकलेला माणूस मी. विमान कसं होतं, जेवण कसं होतं, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला तिथे एक प्रश्न पडला आणि तो घेऊनच मी घरी आलो. प्रश्न असा की, दुसऱ्याचं घर मोडून त्याच्या दगडांवर आपलं घर उभं राहिलं असेल, तर त्या घरात मागाहून जन्मलेल्या माणसाकडे काही देणं लागतं का? त्यानं स्वतः काही मोडलेलं नाही, त्याच्या बापानं नाही, आज्यानंही नाही. तरी लागतं का?

नाताळच्या सुट्टीत जावयानं आम्हा सगळ्यांना मेरिदाला नेलं. मेक्सिकोचा एक मोठा तुकडा समुद्रात शिरला आहे, त्याचं नाव युकातान. मेरिदा ही तिथली राजधानी. मी आधी जमीन पाहिली, ती माझी सवय. चुनखडीचा सपाट खडक आणि वर वीतभर माती. त्या उत्तर भागात वाहती नदीच नाही. पाऊस पडला की पाणी खडकातून खाली जातं आणि जमिनीच्या पोटात साठतं. वैनगंगेच्या काठच्या माणसाला हे पाहून जीव दडपतो. अशा जमिनीवर माया लोकांनी हजारो वर्षं मका पिकवला. मक्याच्या ताटावर शेंगांचा वेल चढवायचा आणि खाली भोपळा पसरू द्यायचा, ही त्यांची जुनी रीत. बाजारात गेलो तर मिरची, टमाटे, पेरू, पपई, सगळं ओळखीचं. ही सगळी अमेरिका खंडातली पिकं, पोर्तुगीजांच्या काळात समुद्रातून आपल्याकडे आलेली. भिवापूरच्या मिरचीशिवाय आमच्याकडची भाजी होत नाही, आणि तिचं मूळ त्या मुलखात. बायको म्हणाली, "आपून आपलंच समजून खात होतो."

मेरिदाच्या मधोमध मोठा चौक आहे. एका बाजूला मोठं चर्च. ते बांधायला 1561 साली सुरुवात झाली आणि 1598 साली पुरं झालं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या 32 वर्षं आधी. भिंती किल्ल्यासारख्या जाड, आत खांब आणि गार अंधार. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की माणूस आपोआप हळू बोलतो. मुलीनं सांगितलं, "बाबा, हे दगड इथल्या जुन्या देवळांचे आहेत."

तिनं जे सांगितलं ते असं. मेरिदाच्या जागेवर आधी माया लोकांचं शहर होतं. स्पॅनिश लोक त्याला तिहो म्हणत. दगडी चौथरे आणि देवळं होती, पण स्पॅनिश आले तेव्हा त्याची भरभराट सरून गेली होती. 6 जानेवारी 1542 रोजी फ्रान्सिस्को दे मोन्तेहो नावाच्या सरदारानं तिथे नवं शहर वसवलं. खदान खोदायची गरज नव्हती. घडवलेला दगड समोर रचून ठेवलेला होता. देवळं उतरवली, चर्च चढवलं, आणि उतरवण्या-चढवण्याचं काम केलं माया माणसांनीच. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ते दगड एकावर एक रचले, त्यांच्याच नातवांना ते खाली आणायला लावलं.

चौकाच्या दुसऱ्या बाजूला मोन्तेहो घराण्याचा वाडा आहे, 1549 सालचा. दारावर दोन शिपाई कोरले आहेत, हातात भाले आणि पायाखाली माणसांची मुंडकी. मुंडक्यांची तोंडं वासलेली आहेत, जशी कोणी ओरडत असावीत. वाडा आता संग्रहालय झाला आहे. लोक त्या दाराखाली उभे राहून फोटो काढतात. आम्हीही काढला.

चर्चमध्ये बायकोनं शिरताच हात जोडले. माझे हात जोडले जाईनात. ती म्हणाली, "तुमी कायले इचार करता? देव हाय त हात जोडाचे. गोट्याचा काय गुन्हा हाय?"

जावई म्हणाला, "मामाजी, साडेचारशे वर्षं झाली. आता कोणाचं काय राहिलं? असं मोजत बसलो तर जगात एकही घर उरणार नाही."

नातू नऊ वर्षांचा. त्याला हे सगळं मराठीत पुरतं कळत नाही, पण इतकं कळलं की कुणाचं तरी घेतलं आहे. तो म्हणाला, "आबाजी, मग परत देऊन टाकायचं ना."

एकाच बाकावर बसलेल्या तिघांची ही तीन उत्तरं. दगडाचा गुन्हा नाही. काळानं सगळं फिटलं. घेतलं ते परत द्या. पुढचे चार दिवस मी ही तीन उत्तरं डोक्यात घेऊन फिरलो. तिन्ही खरी वाटत होती आणि एकानंही समाधान होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इसामाल नावाच्या गावी गेलो. मेरिदाहून मोटारीनं तासाभराची वाट. सगळं गाव पिवळं रंगवलेलं. मधोमध मायांच्या देवळाचा प्रचंड चौथरा, आणि त्या चौथऱ्यावर पाद्र्यांचा मठ, 1561 साली पुरा झालेला. इथे दगड उचलून दुसरीकडे नेण्याचेही कष्ट घेतले नाहीत. खालचा चौथरा तसाच ठेवला आणि वरचं देऊळ तेवढं बदललं. गावाच्या पलीकडच्या अंगाला मायांचा दुसरा एक मोठा पिरॅमिड आहे, तो अजून उघडा उभा आहे. मठाच्या ओवरीतून तो दिसतो.

या मठाशी दिएगो दे लांदा नावाच्या पाद्र्याचं नाव जोडलेलं आहे. 12 जुलै 1562 रोजी मानी गावात त्यानं मायांच्या मूर्ती आणि पोथ्यांची होळी केली. 27 पोथ्या जाळल्या असं सांगतात. आज साऱ्या जगात मायांच्या जुन्या पोथ्या फक्त चार उरल्या आहेत. पुढची गोष्ट ऐकून मी थबकलो. या कामात अतिरेक केला म्हणून लांदाला स्पेनमध्ये जाब द्यावा लागला. तिथे त्यानं माया लोकांवर एक पुस्तक लिहिलं. त्यांचे सण, त्यांची शेती, त्यांचं कालगणित, आणि त्यांच्या लिपीची काही अक्षरंही त्यात उतरवली. त्या अक्षरांचा धागा धरून 1952 साली युरी क्नोरोझोव्ह या रशियन अभ्यासकानं मायांची लिपी वाचायची वाट शोधली. ज्यानं पोथ्या जाळल्या, त्याच्याच वहीतून किल्ली निघाली. इसामालमध्ये त्याचा पुतळा आहे.

त्याला माफ करायचं का? मला वाटतं, या दोन गोष्टींची वजाबाकी करू नये. गोठ्याला आग लावणाऱ्यानं मागाहून मेलेल्या बैलांची यादी नीट लिहिली, म्हणून बैल उठून उभे राहत नाहीत. यादी उपयोगाची आहे, ती ठेवावी. आगही लक्षात ठेवावी. दोन्ही वेगवेगळ्या पानांवर.

पण इसामालला मी आणखी एक पाहिलं, आणि तिथे माझ्या नातवाचं उत्तर अडलं. मठात बायका प्रार्थना करत होत्या. पांढऱ्या झग्यावर गळ्याशी रंगीत फुलं भरलेली, बुटक्या बांध्याच्या, गोल चेहऱ्याच्या. आपसात माया बोलत होत्या. एक म्हातारी मूर्तीच्या पायाला हात लावून तो हात डोळ्यांना लावत होती, अगदी आमच्याकडे लावतात तसा. आता हा मठ परत कोणाला द्यायचा? ज्यांचं देऊळ गेलं त्यांचीच नातवंडं वरच्या देवाच्या पाया पडत आहेत. त्यांना जाऊन सांगायचं का की, बाई, हा तुझा देव नव्हे? तो अधिकार मला कोणी दिला? तिच्या पणजीवर हा देव लादला हे खरं. पण तिनं साठ वर्षं त्याच्यापुढे आपली दुःखं ठेवली हेही तितकंच खरं. बायकोचं म्हणणं मला तिथे अर्धं पटलं. नवस आणि अश्रू जिथे पडतात, ती जागा हळूहळू माणसाची होते.

तिसऱ्या दिवशी उश्मालला गेलो. हे मायांचं मोडकळीला आलेलं शहर, आता जंगलात आहे. भाड्याच्या गाडीचा चालक चाळिशीचा होता. वाटेत फोनवर तो कुणाशी तरी बराच वेळ बोलला. मुलगी म्हणाली, "ही स्पॅनिश नाही, बाबा, मायाच असावी." फोन ठेवल्यावर तिनं विचारलं. गावाकडे आई होती. घरात भरलेल्या मक्याला सोंडे लागले होते आणि काय करावं असं ती विचारत होती. मला हसू आलं, कारण हाच फोन माझ्या घरातही होतो. युकातानात आजही साडेसात लाखांहून जास्त लोक माया बोलतात. आणि माझ्या हातातल्या माहितीच्या कागदावर मुलीनं वाचून दाखवलेलं वाक्य होतं की, माया लोक या शहरातून नाहीसे झाले. शहरातून गेले असतील. पुढच्या सीटवर मात्र त्यांचा मुलगा बसला होता आणि त्याला सोंड्यांची काळजी होती.

उश्मालचा मोठा पिरॅमिड सुमारे 35 मीटर उंच आहे. पाण्याची सोय पाहून मी थक्क झालो. तिथे ना नदी, ना जवळ पाणी. त्यांनी खडकात हंड्यासारखे पोकळ हौद खोदले, वर तोंड लहान आणि आत पोट मोठं, आणि पावसाचं पाणी त्यात उतरवलं. जिकडेतिकडे भिंतींवर वाकड्या लांब नाकाचा पावसाचा देव. जिथे पाऊसच सगळं, तिथे त्याचंच तोंड कोरणार.

पण दोन गोष्टी माझ्या प्रश्नाच्या होत्या. पहिली अशी की, तो पिरॅमिड एकदम बांधलेला नाही. पाच वेळा बांधकाम झालं आहे. जुनं देऊळ आत ठेवून त्यावर नवं, पुन्हा त्यावर नवं. म्हणजे जुन्यावर नवं चढवायची रीत मायांचीही होती. फरक एवढा की त्यांनी आपल्याच देवळाला पोटात घेतलं. दुसरी गोष्ट तिथली दंतकथा. अंड्यातून जन्मलेल्या एका बुटक्यानं तो पिरॅमिड एका रात्रीत बांधला, असं सांगतात. आमच्याकडेही जुन्या हेमाडपंती देवळाबद्दल हेच सांगतात, की एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला आणि कळस राहिला. लहानपणी मला या गोष्टी फार आवडायच्या. आता वाटतं, 'एका रात्रीत' म्हटलं की दगड वाहणारे, चुना भाजणारे, पाणी आणणाऱ्या बाया, सगळे एका शब्दात पुसले जातात. मोडणाराच नाव पुसतो असं नाही. राजेही पुसतात, दंतकथाही पुसतात. माया राजांनी त्या मजुरांची काय किंमत केली असेल, हे ते दगड सांगत नाहीत.

परतताना मेरिदातल्या एका रुंद रस्त्यानं गेलो. दोन्हीकडे राजवाड्यासारखी घरं. ती घायपाताच्या पैशातून झाली आहेत. घायपात आमच्याकडे बांधावर, कुंपणाला असतो, त्याच्या वाखाचे दोर मी लहानपणी वळले आहेत. त्याच्याच भावकीतलं एक झाड युकातानात होतं. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या कापणी-बांधणीच्या यंत्रांना आणि जहाजांना दोर हवा होता, म्हणून तिथे त्याचे मळेच मळे लागले. मळ्यांत राबायला माया मजूर, आणि त्यांना कर्जात अडकवून ठेवायचं. मालकाच्याच दुकानातून सामान, मालकाचीच वही, बापाचं कर्ज पोराच्या नावावर. आमच्या भागात सालदारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही वही समजावून सांगायला नको. रस्त्याला नाव मोन्तेहोचं आहे. 2010 साली त्या रस्त्यावर मोन्तेहो बाप-लेकांचा पुतळा बसवला, आणि तो तिथे असावा की नाही यावर लोकांची भांडणं आहेत.

आता कोणी म्हणेल, गोऱ्यांनी काय केलं हे सांगायला एवढ्या लांब कशाला गेलात? म्हणून आपल्याकडचं सांगतो.

'नारोशंकराची घंटा' हा शब्द आपण मोठ्या आवाजाच्या माणसाला लावतो. ती घंटा नाशिकला गोदावरीच्या काठी आहे आणि ती मुळात चर्चची आहे. 1739 साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत टांगल्या. एक भीमाशंकरलाही आहे. पोर्तुगीजांनी त्या भागात लोकांना काय छळलं होतं ते आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे त्या घंटांचा आपल्याला अभिमान वाटतो. पण वसईच्या कोळ्या-कुणब्यांमधली जी माणसं तोवर त्या घंटेच्या आवाजावर उठत-झोपत होती, त्यांना दुसऱ्या दिवशी काय वाटलं असेल? ती आपल्याच मुलखातली, आपलीच भाषा बोलणारी होती.

आणखी जवळ या. आमच्या जिल्ह्यात पवनी आहे. तिथे जगन्नाथाच्या देवळाची टेकडी आहे. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं तिथे खोदलं, तर टेकडीच्या पोटात दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप निघाला. दगडी कठड्याच्या खांबांवर ब्राह्मी अक्षरं, आणि त्यात खांब दान देणाऱ्यांची नावं. मला ही गोष्ट मोन्तेहोच्या वाड्यापुढे आठवली. इथे दारावर जिंकणाऱ्याचं चिन्ह, तिथे खांबावर साध्या माणसाचं नाव. वरच्या देवळात हात जोडणाऱ्या किती पिढ्यांना पायाखाली काय आहे हे ठाऊक नव्हतं. त्यांचा त्यात दोष नाही. पण आता आपल्याला ठाऊक झालं आहे, आणि ठाऊक झाल्यावर माणूस पहिल्यासारखा मोकळा राहत नाही.

तेव्हा नातवाचं उत्तर, 'परत द्या', हे मनाचं म्हणून सोन्यासारखं आहे, पण जमिनीवर ते चालत नाही. खोदत गेलं तर प्रत्येक पायाखाली दुसरा पाया लागतो. वरचं पाडून खालच्याला न्याय द्यायला निघालेला माणूस पुन्हा तेच करतो जे पहिल्यानं केलं. उतरवलेल्या दगडांचा ढीग तेवढा वाढतो आणि राहती माणसं पुन्हा रस्त्यावर येतात.

जावयाचं उत्तर, 'काळानं फिटलं', याचाही मी पुष्कळ विचार केला. कायदा तेच म्हणतो. दुसऱ्याच्या जमिनीवर कोणी बारा वर्षं उघड वहिवाट केली आणि मालकानं दावा लावला नाही, तर मालकाचा हक्क जातो. शेतकऱ्याला हा कायदा पाठ असतो, कारण अर्धी भांडणं त्याचीच. आणि असा कायदा असायला हवा, नाहीतर कोर्टातली भांडणं सात पिढ्या संपणार नाहीत. पण बारा वर्षांनी दावा मरतो, खरं मरत नाही. गावात सगळ्यांना ठाऊक असतं की ती बांधी मुळात कोणाची. म्हातारे बांधावरून जाताना अजूनही तिला जुन्याच माणसाच्या नावानं ओळखतात. सात-बारा बदलतो, बांधीचं नाव बदलत नाही.

आणि बायकोचं उत्तर, 'दगडाचा गुन्हा नाही'? दगडाचा नाहीच. पण दगडाला तोंड नसतं, आपल्याला असतं. दगड गप्प राहिला तर तो निर्दोष, आपण गप्प राहिलो तर तसं म्हणता येत नाही.

माझं स्वतःचं उत्तर मला मेक्सिकोत सापडलं नाही. ते माझ्याच घरात वीस वर्षांपासून टांगलेलं होतं. आमच्याकडे घर पाडलं की लाकूड वाया जात नाही. मयाली, फाटे, चौकटी, कवेलू, सगळं विकलं जातं आणि दुसऱ्या घराला लागतं. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्दचं धरण झालं. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हातानं त्याचं भूमिपूजन झालं, आणि पुढच्या वर्षांत बुडिताच्या क्षेत्रातली गावं एकेक करून उठू लागली. माणसं घरं आपल्या हातानं उतरवत होती. मी तेव्हा घर बांधत होतो. नदीकाठच्या एका गावातल्या म्हाताऱ्याकडून मी सागवानी दाराची जोडी घेतली, चौकट आणि उंबरठ्यासकट. त्यानं जो भाव सांगितला तो दिला, घासाघीस केली नाही. त्यानं पैसे मोजून घेतले. व्यवहार संपला.

वर्षभरानं तो दारात उभा. लेकीच्या गावाला चालला होता, वाटेत उतरला. "पाहाले आलो," एवढंच म्हणाला. दाराच्या आतल्या अंगावर खाचा होत्या, त्याच्या पोरांची उंची मोजलेल्या. सुतारानं रंधा मारून काढतो म्हटलं होतं, पण बायकोनं काढू दिल्या नव्हत्या. म्हाताऱ्यानं एकेका खाचेवर बोट ठेवलं आणि नावं सांगितली. मग उंबरठ्यावर बसून चहा प्यायला. कोणी उंबरठ्यावर बसलं तर आमच्याकडे उठवतात. त्याला कोणी उठवलं नाही.

पुढे माझ्या ह्याच मुलीचं लग्न निघालं. दाराला तोरण बांधायची वेळ आली तेव्हा बायको म्हणाली, "त्यायले बलावा. दार त्यायचं हाय." मी निरोप धाडला. म्हातारा धुतलेलं धोतर नेसून आला आणि त्यानं आंब्याचं तोरण बांधलं. पाहुण्यांमध्ये कुजबूज झाली, हा कोण? बायकोनं सगळ्यांना सांगितलं, हे दार यांच्या घरचं. म्हातारा आता नाही. दसऱ्याला त्याचा मुलगा येतो, सोनं देतो, दाराला हात लावतो आणि जातो.

कायद्यानं दार माझं. मी पैसे मोजले आहेत, कोणी ते मागत नाही, आणि मी ते देणारही नाही, कारण रात्री तेच लावून माझं घर झोपतं. पण त्या दारातला काही भाग विकलाच गेला नव्हता. तो विकणं म्हाताऱ्याच्या हातात नव्हतं आणि विकत घेणं माझ्या. ह्या उरलेल्या भागाचं देणं पैशानं फिटत नाही आणि परत देऊनही फिटत नाही. ते फेडायची रीत आमच्या घरात एका अडाणी बाईला आपोआप सुचली होती. खाचा राहू द्यायच्या. ज्याचं होतं त्याचं नाव चारचौघांत सांगायचं. तो आला तर उंबरठ्यावरून उठवायचं नाही. आणि शुभकार्याला त्याचा हात लावून घ्यायचा.

एवढं थोडं वाटेल. पण मेरिदाच्या चौकात मला जे खुपलं ते नेमकं हेच नसल्याचं. भाव तर कोणी दिलाच नव्हता, आणि तोरणालाही कोणी बोलावलं नव्हतं. शेकडो वर्षं माया माणूस आपल्याच दगडांपुढे मजूर म्हणून उभा राहिला. त्याची बोली शहरात लाजेची झाली, जशी आमची झाडीबोली शाळेत लाजेची झाली होती. अलीकडे काही बदलतं आहे. 2003 साली मेक्सिकोच्या कायद्यानं मायासकट तिथल्या मूळच्या सगळ्या भाषा राष्ट्रीय भाषा म्हणून मानल्या. कायद्यानं एका दिवसात काही होत नाही, हे आम्हाला सांगायला नको. पण निरोप तरी धाडला गेला. येणारा कधी येतो आणि त्याला कुठे बसवतात, ते पुढच्या लोकांनी पाहायचं.

मला आता कोणी विचारलं की देणं लागतं का, तर मी 'लागतं' म्हणेन. गुन्ह्याचं नव्हे, शेजाराचं. मी काही मोडलं नाही म्हणून मला कोणी शिक्षा करू नये. पण मी मोडलेल्याच्या दगडांवर सावलीत बसलो आहे, म्हणून मला विसरायची मोकळीक नाही. पवनीच्या टेकडीवर पोरांना नेणाऱ्या मास्तरांनी देवळाचं दर्शन घडवावं आणि खालच्या स्तूपाचंही नाव सांगावं. नाशिकला घंटा पाहणाऱ्यानं वसईचा विजय सांगावा आणि ती घंटा कोणासाठी वाजत होती तेही सांगावं. यानं कोणाचा देव लहान होत नाही.

मेरिदाहून निघायच्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर चालकाला मुलीनं विचारलं, तुमच्या आई मेरिदाला येतात का? तो म्हणाला, येतात, पण त्या मेरिदा म्हणत नाहीत. माया बोलताना ह्या शहराचं नाव अजून 'हो' आहे. बाजाराला निघालेली बाई 'हो'ला चालले म्हणते. साडेचारशे वर्षांहून जास्त काळ पाटीवर दुसरं नाव आहे, देवळाचा एकेक दगड चर्चमध्ये गेला, तरी गावाचं नाव म्हातारीच्या तोंडात तसंच आहे. बायकोला मी हे सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "मंग ह्या पोराले सांगा त्याच्या मायले नमस्कार सांग म्हनून."

मुलीनं ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. त्यानं ते घरी जाऊन मायामध्ये सांगितलं असेल.